गिलिक खटला: डॉक्टरसमोर बसलेली मुलगी कोणती?

पंधरा वर्षांची मुलगी दवाखान्यात येते, गर्भनिरोधक गोळ्या मागते आणि म्हणते, "घरी सांगू नका." डॉक्टरने काय करावं? या एका प्रश्नावर ब्रिटनमध्ये तीन न्यायालयं आणि नऊ न्यायाधीश बसले. निकाल दोनदा उलटला. शेवटी १७ ऑक्टोबर १९८५ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी तो मिटवला. खटला हरलेल्या बाईंचं नाव मात्र कायद्यात कायमचं राहिलं. अल्पवयीन मूल उपचाराचा निर्णय स्वतः घेण्याइतकं समजदार आहे का, हे पाहताना तिथले डॉक्टर आजही "हे मूल गिलिक सक्षम आहे का" असं विचारतात. व्हिक्टोरिया गिलिक यांना हवं होतं ते याच्या बरोब्बर उलट.

किशोरवयीनांना गर्भनिरोधकं मिळावीत की नाही, हा वाद बहुतेकदा संस्कार विरुद्ध स्वातंत्र्य अशा मोठ्या शब्दांत सुरू होतो आणि त्याच शब्दांत दमून बसतो. गिलिक खटल्यात मोठे शब्द कमी नाहीत. पण इथे प्रश्न एका खोलीपुरता आणि एका सहीपुरता उरला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंना नेमकं बोलावं लागलं. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहण्यासारखं आहे.

आधीची परिस्थिती

गोळी ब्रिटनमध्ये १९६१ साली आली, ती विवाहित स्त्रियांसाठी. १९६७ च्या कायद्याने स्थानिक आरोग्य यंत्रणांना अविवाहितांनाही सल्ला देण्याची मुभा मिळाली आणि १९७४ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेत संततिनियमन मोफत झालं. वय किंवा लग्न यांची अट राहिली नाही. पुढचा प्रश्न अटळ होता: सोळाच्या आतल्या मुलींचं काय?

आरोग्य आणि समाजसुरक्षा खात्याने १९७४ मध्ये त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि डिसेंबर १९८० मध्ये त्या सुधारल्या. खटल्याची ठिणगी पडली ती या सुधारित परिपत्रकामुळे. त्याचं म्हणणं असं: अशी मुलगी आली तर डॉक्टरने आईवडिलांना विश्वासात घेण्यासाठी तिचं मन वळवण्याचा प्रयत्न नेहमीच करावा. पालकांच्या संमतीशिवाय साधनं देणं हा अगदी विरळा प्रसंग असावा. पण काही मुलींचे पालक बेपर्वा असतात, काही घरं मोडकळीला आलेली असतात, आणि गुप्ततेची हमीच काढून घेतली तर काही मुली सल्ल्याला येणारच नाहीत. म्हणून अपवादात्मक परिस्थितीत शेवटचा निर्णय डॉक्टरच्या तारतम्यावर सोडावा.

परिपत्रकाचा सूर सावध होता. त्याच्या आजूबाजूचा कायदा मात्र अर्धवट होता. मुलींसाठी संमतिवय १८८५ पासून सोळा होतं. १९५६ च्या लैंगिक गुन्हे कायद्याप्रमाणे सोळाच्या आतल्या मुलीशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरत असे, मुलगी नव्हे. १९६९ च्या कुटुंब कायदा सुधारणेने सोळा पूर्ण झालेल्यांना वैद्यकीय उपचाराला स्वतः संमती देण्याचा हक्क दिला. सोळाच्या खाली काय, यावर कायद्याने तोंडच उघडलेलं नव्हतं. सोळाच्या खालची संमती नेहमीच पोकळ, असंही तो म्हणत नव्हता आणि कधी कधी भक्कम असू शकते, असंही म्हणत नव्हता.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. कंडोम विकत घ्यायला वयाची अट नव्हती. चौदा वर्षांचा मुलगा दुकानात जाऊन ते घेऊ शकत होता, त्याच्या आईच्या संमतीचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. सगळा खटला मुलींवर लढला गेला, कारण मुलींच्या हातातली परिणामकारक साधनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत. चिठ्ठी आली की डॉक्टर आला, आणि डॉक्टर आला की त्याच्यावर हुकूम कुणाचा हा प्रश्न आला.

मागणी आणि नकार

गिलिक केंब्रिजशायरमधल्या विस्बेच गावच्या. कॅथलिक, दहा मुलांची आई, त्यात पाच मुली. परिपत्रक निघाल्यावर १९८१ च्या सुरुवातीला त्यांनी वेस्ट नॉरफोक आणि विस्बेचच्या आरोग्य प्राधिकरणाला पत्र लिहिलं: माझ्या मुली सोळा वर्षांच्या होईपर्यंत माझ्या संमतीशिवाय त्यांना संततिनियमनाचा सल्ला किंवा उपचार दिला जाणार नाही, असं लेखी आश्वासन द्या. प्राधिकरणाने उत्तर दिलं की हा डॉक्टरच्या वैद्यकीय निर्णयाचा भाग आहे, आम्ही असं आश्वासन देऊ शकत नाही. १९८२ मध्ये त्या प्राधिकरणाविरुद्ध आणि खात्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. परिपत्रक बेकायदा आहे आणि पालक म्हणून माझे हक्क डावलले जात आहेत, असं जाहीर करा, ही त्यांची मागणी.

त्यांच्या एकाही मुलीने गोळी मागितलेली नव्हती. कुठल्याही डॉक्टरने त्यांच्या घरातल्या कुणाला काही दिलेलं नव्हतं. म्हणजे या खटल्यात आई होती, सरकार होतं, वकील होते, पण ज्या मुलीबद्दल सगळं चाललं होतं ती मुलगीच नव्हती. हे या प्रकरणाचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य आहे असं मला वाटतं. नऊ न्यायाधीशांना, आणि ते नऊही पुरुष होते, एक मुलगी कल्पनेत उभी करावी लागली. निकालपत्रं शेजारी ठेवून वाचली की कळतं, प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरची मुलगी वेगळी होती आणि कायद्याचा युक्तिवाद बराचसा त्या मुलीच्या मागोमाग गेला.

पहिल्या दोन पायऱ्या

जुलै १९८३ मध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती वुल्फ यांनी दावा फेटाळला. गिलिक यांच्या बाजूचा धारदार मुद्दा फौजदारी कायद्याचा होता: सोळाच्या आतल्या मुलीशी संबंध हा गुन्हा असेल, तर तिला गोळी देणारा डॉक्टर त्या गुन्ह्याला हातभार लावत नाही का? वुल्फ यांचं उत्तर असं की गोळी हे गुन्ह्याचं हत्यार नव्हे. गुन्हा करणारा पुरुष असतो, गोळी मुलगी घेते, आणि ती घेतली नाही म्हणून गुन्हा टळतो असंही नाही. गोळीने कमी होतात ते गुन्ह्याचे परिणाम. मात्र एखाद्या डॉक्टरचा हेतूच असा संबंध घडवून आणण्याचा असेल तर गोष्ट वेगळी, हेही त्यांनी मोकळं ठेवलं.

२० डिसेंबर १९८४ रोजी अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला, तोही एकमताने. लॉर्ड जस्टिस इव्हली, फॉक्स आणि पार्कर या तिघांनी वयाची रेषा ठाम धरली. सोळाच्या खाली मुलीच्या संमतीला कायद्यात किंमत नाही, तिच्यावरचा ताबा पालकांचा आहे आणि तातडीचा प्रसंग किंवा न्यायालयाची परवानगी सोडली तर पालकांना डावलता येणार नाही. कायदा म्हणून हे वाचायला सुटसुटीत आहे. डॉक्टरला फक्त जन्मतारीख पाहायची. अडचण अशी की याच तर्काने पंधरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या हातावर प्लास्टर घालायलाही आईची सही लागेल. हाउस ऑफ लॉर्ड्समधले न्यायाधीश लॉर्ड फ्रेझर यांनी पुढे नेमकं या उदाहरणावर बोट ठेवलं आणि हे जवळपास हास्यास्पद आहे असं म्हटलं.

खातं हाउस ऑफ लॉर्ड्सकडे अपिलात गेलं. निकाल यायला जवळजवळ दहा महिने लागले आणि तेवढा काळ इंग्लंडमध्ये अपील न्यायालयाचा शब्द चालला. या दहा महिन्यांकडे पुन्हा यायचं आहे.

पाच लॉर्ड, पाच वाटा

फ्रेझर यांच्या निकालाचा पाया एका साध्या विधानावर आहे: पालकांचे हक्क पालकांसाठी नसतात, मुलांसाठी असतात. मुलाप्रती असलेलं कर्तव्य पार पाडता यावं एवढ्यापुरतेच ते टिकतात. मूल वाढतं तसा पालकांचा हात सैल होत जातो, हे घराघरात घडतंच. कायद्याने वाढदिवसाच्या रात्री बारा वाजेपर्यंत पूर्ण ताबा आणि बारा वाजून एक मिनिटाने पूर्ण मोकळीक असं चित्र का रंगवावं? लॉर्ड डेनिंग यांनी १९७० च्या सुमारास एका निकालात पालकांचा हक्क हा आटत जाणारा हक्क आहे, सुरुवातीला ताबा आणि शेवटी केवळ सल्ला, अशा अर्थाचं म्हटलं होतं. फ्रेझर यांनी त्याचा आधार घेतला.

मग त्यांनी पाच अटी घातल्या. मुलीला सल्ला समजतो आहे. तिने स्वतः पालकांना सांगावं किंवा डॉक्टरला सांगू द्यावं, यासाठी तिचं मन वळवणं डॉक्टरला शक्य झालेलं नाही. साधनं मिळोत न मिळोत, ती संबंध ठेवण्याची किंवा चालू ठेवण्याची दाट शक्यता आहे. साधनं न मिळाल्यास तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला, किंवा दोन्हींना, धोका आहे. आणि पालकांच्या संमतीशिवाय सल्ला किंवा उपचार देणं तिच्या हिताचं आहे. या पाचही गोष्टींबद्दल डॉक्टरची खात्री पटली पाहिजे, एखाद-दुसरीबद्दल नव्हे.

या अटींकडे लोक परवानगीपत्र म्हणून पाहतात. मला त्या डॉक्टरवर टाकलेलं ओझं वाटतात. बहुसंख्य प्रसंगी मुलाचं हित पालकांनाच सर्वांत चांगलं कळतं, असं फ्रेझर यांनी स्वच्छ लिहिलं आहे. आपल्या सोयीसाठी पालकांना बाजूला सारणारा डॉक्टर व्यावसायिक कर्तव्यात चुकतो आणि त्याच्यावर त्याच्या व्यवसायाच्या नियामक संस्थेने कारवाई करावी, हेही त्यात आहे. हा भाग फारसा कुणी उद्धृत करत नाही.

फ्रेझर यांच्या डोळ्यांसमोरची मुलगी आधीच संबंध ठेवणारी आहे, थांबणार नाही आणि घरी सांगणार नाही. तिचं आयुष्य ठरून गेलेलं आहे, उरला आहे तो धोका. तिसरी अट वाचली की हे लख्ख दिसतं.

लॉर्ड स्कारमन यांची मुलगी वेगळी आहे. ते म्हणतात, नेमक्या प्रश्नावर स्वतःचं मत ठरवण्याइतकी समज आणि बुद्धी मुलाला आली की पालकांचा हक्क मागे सरतो. ठराविक वयाची रेषा निश्चितता देते खरी, पण ती अशी ताठर होते की न्यायाच्याच आड येते. संततिनियमन हा वैद्यकीय उपचाराचा विषय झाला आहे, तरुण अधिक स्वतंत्र झाले आहेत, स्त्रियांचं स्थान बदललं आहे. कायद्याने याकडे पाठ फिरवली तर त्यात कायद्याचंच नुकसान. वाचताना वाटतं, दारं सताड उघडली. पण पुढे ते समजेची व्याख्या करतात आणि उंबरठा एकदम उंच होतो. गोळी कशी काम करते एवढं कळून पुरत नाही. नैतिक आणि कौटुंबिक प्रश्न, विशेषतः आईवडिलांशी असलेलं नातं, गर्भधारणा आणि गर्भपात यांचे दूरगामी भावनिक परिणाम, या वयातल्या संबंधांचे आरोग्यावरचे धोके, हे सगळं तिला कळलं पाहिजे.

ही कसोटी प्रामाणिकपणे लावली तर कितीतरी प्रौढ माणसं नापास होतील. फ्रेझर यांची कसोटी त्या मानाने खाली आहे: सल्ला कळला, धोका खरा आहे, हित कशात ते दिसतं. दोघांनी निकाल एकच दिला, पण दोन वेगळ्या मुलींसाठी. लॉर्ड ब्रिज यांनी दोघांशीही सहमती दर्शवली, त्यामुळे नेमकी कुठली कसोटी कायदा आहे हा गुंता तसाच राहिला. व्यवहारात दवाखान्यांत फ्रेझर रुजले, कारण पाच अटींचा तक्ता करता येतो. पुस्तकांत स्कारमन गाजले, कारण त्यांचं वाक्य गर्भनिरोधकांपलीकडे कुठल्याही उपचाराला लावता येतं.

विरोधातले दोघे एका सुरात बोलत नव्हते. लॉर्ड ब्रँडन यांनी फौजदारी मुद्दा टोकापर्यंत नेला. संसदेने सोळाच्या आतल्या मुलींशी संबंध गुन्हा ठरवला आहे. गर्भधारणेची भीती हा त्या संबंधांवरचा एक लगाम आहे आणि तो सैल करणं म्हणजे गुन्ह्याला उत्तेजन देणं. म्हणून गर्भनिरोधक देणं बेकायदा, पालकांनी संमती दिली तरी बेकायदा. या शेवटच्या शब्दांपाशी थबकायला हवं. ब्रँडन यांचं मत गिलिक यांच्या पारड्यात मोजलं जातं, पण त्यांच्या तर्कात आईच्या संमतीलाही जागा नव्हती. नऊपैकी पाच न्यायाधीश गिलिक यांच्या बाजूने होते आणि तरी त्या हरल्या, हे गणित अनेकदा मांडलं जातं. ते बरोबर आहे. पण ते पाच जण एकाच गोष्टीच्या बाजूने नव्हते.

लॉर्ड टेम्पलमन यांचा युक्तिवाद मला सर्वांत जड वाटतो. सोळाच्या आतल्या मुलीने सराव कराव्यात अशा पुष्कळ गोष्टी आहेत, संभोग त्यांतली नाही, हे त्यांचं गाजलेलं वाक्य. त्या चमकदार वाक्यामागे त्यांचा खरा मुद्दा झाकला गेला. डॉक्टर मुलीला ओळखत नाही. त्याच्यापुढे तिने सांगितलेली एकच बाजू असते, तीही थोडक्या वेळात. तिच्यावर जोडीदाराचा दबाव आहे का, ती घाबरली आहे का, घरात नेमकं काय चाललं आहे, हे जाणून घ्यायचं तर घरच्यांशी बोलावं लागेल, आणि तीच दारं गुप्ततेने बंद केली आहेत. शिवाय लपवलेली गोष्ट बाहेर येतेच. त्या दिवशी आईवडिलांना कळतं की एका परक्या माणसाने आपल्याला अंधारात ठेवलं, आणि मुलीला सर्वांत जास्त आधार लागतो तेव्हाच घर तिच्यावर रागावलेलं असतं.

याला फ्रेझर यांच्या निकालात थेट उत्तर नाही. जे उत्तर आहे ते तुलनेचं आहे: डॉक्टरला अपुरी माहिती मिळते हे खरं, पण गुप्तता नसेल तर ती मुलगी दारातच येत नाही आणि मग कुणालाच काही माहिती मिळत नाही. बहुमताची बाजू मला पटते ती एवढ्यासाठीच. मुलीच्या स्वायत्ततेचं जे गौरवगान नंतर या निकालाभोवती झालं, त्यासाठी नव्हे. टेम्पलमन यांची मुलगी आणि फ्रेझर यांची मुलगी, दोघीही खऱ्या आहेत. एकीला नकार देण्यासाठी निमित्त हवं आहे, दुसरीला ते नको आहे. परिपत्रक लिहिणाऱ्याला, न्यायाधीशाला, आईला, कुणालाच आधी माहीत नसतं की आज कोण येणार. कळू शकतं ते तिला समोर पाहणाऱ्याला, तेही त्याने विचारलं तर.

ते दहा महिने

अपील न्यायालयाच्या निकालापासून लॉर्ड्सच्या निकालापर्यंतचा काळ अभ्यासकांना आयता प्रयोग म्हणून मिळाला. एक नियम काही महिन्यांसाठी उलटा फिरला होता. काय झालं?

कुटुंबनियोजन केंद्रांत येणाऱ्या सोळाच्या आतल्या मुलींची संख्या झपाट्याने घसरली. इथवर डॉक्टरांची भीती खरी ठरली: गुप्तता गेली की मुली येत नाहीत. त्यांची दुसरी भीती अशी होती की याच मुलींत गर्भधारणा वाढतील. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड पॅटन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तशी वाढ दिसली नाही. साधनं सहज मिळाल्याने या वयातल्या गर्भधारणा किंवा गर्भपात कमी होतात, याला त्यांच्या आकडेवारीत आधार सापडला नाही. काही मुलींना संरक्षण मिळतं, पण संरक्षण आहे म्हणून काही जणी जास्त धोका पत्करतात आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खातात, अशी त्यांची मांडणी.

गोळ्या मिळायलाच हव्यात असं मानणारे हा अभ्यास सहसा टाळतात. तो टाळू नये. पण त्यातून निघतं त्यापेक्षा जास्तही काढू नये. दहा महिने हा छोटा काळ. केंद्रात न आलेल्या मुलीच्या जोडीदाराने कंडोम घेतला का, ती वय खोटं सांगून दुसरीकडे गेली का, हे एकूण आकड्यांत दिसत नाही. आणि त्या दहा महिन्यांत घरोघरी मुली आयांशी मोकळेपणाने बोलू लागल्या, याचाही पुरावा त्या आकड्यांत नाही. तेच तर दुसऱ्या बाजूचं आश्वासन होतं.

पुढची आकडेवारी अशीच सरळ वाचता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९८ साली १५ ते १७ वयोगटातल्या दर हजार मुलींमागे सुमारे ४७ गर्भधारणा होत. १९९९ मध्ये सरकारने किशोरवयीन गर्भधारणा कमी करण्याची मोठी मोहीम हाती घेतली: शाळांत लैंगिक शिक्षण, तरुणांसाठी वेगळी केंद्रं, साधनांची सहज उपलब्धता. २०१८ पर्यंत हा दर सुमारे १७ वर आला. मोहिमेचं श्रेय आहेच, पण याच काळात हाताच्या त्वचेखाली बसवायचं इम्प्लांट आलं, मुली जास्त वर्षं शिकू लागल्या आणि इतर अनेक देशांतही दर घसरले. एवढं मात्र नक्की म्हणता येतं: गुप्ततेची हमी कायम असताना आकडे चढत गेले नाहीत. हमी दिली की सगळं सैल सुटेल, हे भाकीत त्या वीस वर्षांत खरं ठरलं नाही.

निकालानंतर

निकालाचा वंशविस्तार मोठा आहे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तोच नियम स्वीकारला. स्कॉटलंडने १९९१ च्या कायद्यात तत्सम तरतूद केली. इंग्लंडमध्ये मात्र न्यायालयांनी थोडी माघारही घेतली. १९९१ आणि १९९२ च्या दोन प्रकरणांत मुलींनी उपचार नाकारले होते, एक पंधरा वर्षांची मानसिक आजार असलेली, दुसरी सोळा वर्षांची, अन्न सोडलेली. न्यायालयाने ठरवलं की मुलाचा होकार पुरेसा असू शकतो, पण मुलाचा नकार न्यायालय बाजूला ठेवू शकतं. हो म्हणण्याइतकी समज आहे, नाही म्हणण्याइतकी नाही, ही विसंगती आजही खुपते. गर्भनिरोधकांच्या बाबतीत ती सहसा उघडी पडत नाही, कारण तिथे मुलगी मागायला येते.

स्यू ॲक्सन या आईने वाद पुन्हा न्यायालयात नेला, या वेळी गर्भपाताच्या सल्ल्याच्या निमित्ताने; त्याचा निकाल २००६ मध्ये लागला. पालकांना निदान कळायचा तरी हक्क हवा, ही त्यांची मागणी गिलिक यांच्यापेक्षा नरम होती, कारण त्यांनी संमती नव्हे, माहिती मागितली. न्यायमूर्ती सिल्बर यांनी तीही फेटाळली. कारण तेच: कळवलं जाणार हे माहीत असेल तर मुली येणार नाहीत.

सगळ्यात कठीण परीक्षा मात्र न्यायालयाबाहेर झाली. रॉचडेल शहरात पुरुषांच्या टोळ्यांनी किशोरवयीन मुलींचं लैंगिक शोषण केल्याचं प्रकरण २०१२ मध्ये शिक्षेपर्यंत पोहोचलं. तरुणांसाठीच्या लैंगिक आरोग्य सेवेतल्या समन्वयकांनी २००४ नंतरच्या वर्षांत समाजसेवा खात्याला आणि पोलिसांना शंभराहून अधिक वेळा लेखी कळवलं होतं की या मुलींबाबत काहीतरी भयंकर चाललं आहे. वरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. मुलींनी स्वतःच निवडलेली ही जीवनशैली आहे, अशी तिथे समजूत होती.

या प्रकरणाचा उपयोग दोन्ही बाजू करतात. टेम्पलमन यांच्या बाजूचे म्हणतात, पाहा, "तिची निवड" या शब्दांआड काय काय लपतं. ते खरं आहे. संमतिवयाखालच्या मुलीच्या तोंडी निवडीची भाषा घालण्याची सवय गिलिकनंतरच्या काळात यंत्रणेला लागली, आणि स्कारमन यांच्या उदात्त वाक्याचा तो स्वस्त अनुवाद होता. पण शोषण आधी कुणाला दिसलं, हेही पाहावं लागेल. ते दिसलं कंडोम आणि गोळ्या देणाऱ्या केंद्राला, कारण मुली तिथे येत होत्या. पुढे चूक झाली ती ऐकणाऱ्यांकडून.

गुप्तता म्हणजे मौन नव्हे, ही गोष्ट आज नियमांत स्पष्ट आहे. २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्याने मुलीचं गर्भधारणेपासून किंवा संसर्गापासून रक्षण करण्यासाठी वागणाऱ्या डॉक्टर, नर्स, शिक्षकांना फौजदारी जबाबदारीतून वगळलं आणि ब्रँडन यांच्या मुद्द्यावर संसदेने पडदा टाकला. त्याच कायद्याने तेराच्या आतल्या मुलाची संमती कुठल्याही परिस्थितीत अमान्य केली. तेवढ्या लहान मुलीने गोळी मागितली तर बालसंरक्षण यंत्रणेकडे विषय नेला जातो. पंधरा वर्षांच्या मुलीचा जोडीदार वयाने खूप मोठा असेल, पैसे, दारू किंवा धमकी यांचा वास येत असेल, ती दर वेळी दुसऱ्याच कुणाबरोबर येऊन गप्प बसत असेल, तर डॉक्टरला गुप्तता मोडता येते, मोडावीही लागते. तसं करण्याआधी शक्यतो तिला सांगायचं.

राहतो तो फ्रेझर यांच्या पाच अटींमधला दुसरा क्रमांक, पालकांना सांगण्यासाठी मन वळवण्याचा. गिलिक यांनी मागितलेल्या गोष्टीतलं जे काही कायद्यात शिल्लक आहे ते एवढंच, आणि दवाखान्यांतल्या छापील तक्त्यांवर सर्वांत घाईने खूण होते ती याच रकान्यात. "आईला सांगशील का?" "नाही." खूण. इथे प्रयत्न म्हणजे आई नाही तर मावशी, मोठी बहीण, शाळेतली नर्स, कुणी मोठं माणूस आहे का ते विचारणं, घरी कळलं तर नेमकं काय होईल असं तिला वाटतं ते ऐकणं, आणि तीन महिन्यांनी ती पुढच्या गोळ्यांसाठी आली की पुन्हा विचारणं. पहिल्या भेटीत नाही म्हणालेली मुलगी दुसऱ्या भेटीत हो म्हणू शकते, आणि घरी मार पडतो असंही सांगू शकते.